काजळीआडचे चेहरेही पाहावेत

अमेरिकी मूकपटांतील विनोदावरचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. सुरुवातीच्या विनोदपटांत कृष्णवर्णीयांच्या वाट्याला टवाळीच आली आणि तीही बहुधा तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या नटांकडून, हे लेखातील विधान बव्हंशी खरे आहे. मात्र तेवढ्यावर थांबल्याने त्या काळात कॅमेऱ्यासमोर खरोखर उभे राहिलेले कृष्णवर्णीय कलावंत पुन्हा एकदा झाकले जातात.

आपल्याकडे ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला त्याच वर्षी, १९१३ मध्ये, बर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय विनोदवीराला नायक करून तिकडे एका विनोदपटाचे चित्रीकरण झाले. तो अपुरा राहिला. त्याच्या निगेटिव्ह न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये कित्येक दशके पडून होत्या. चित्रफीत लोकांसमोर आली ती थेट २०१४ मध्ये. विल्यम्स यांना स्वतःच्याच वर्णावर जळक्या बुचाची काजळी चढवावी लागली, हे पाहताना मन कळवळते. पण भोवतालचे कृष्णवर्णीय कलावंत आपल्या मूळ चेहऱ्यांनी वावरतात. जत्रेतल्या फिरत्या लाकडी घोड्यांवर विल्यम्स आणि नायिका ओडेसा वॉरन ग्रे शेजारी शेजारी बसतात, तेव्हा ती मनमोकळी हसते. त्या दृश्यात कुणाचीही चेष्टा नाही. आहे तो फक्त दोघांचा आनंद.

हा चित्रपट तेव्हाच पुरा होऊन लोकांपुढे आला असता, तर प्रेक्षकांना हे हसू शंभर वर्षे आधी दिसले असते. लेखाच्या पुढील भागात त्याची दखल घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे