खेळणाऱ्याला नेमके काय जाणवावे?

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि चंचलपणा आवरणे अवघड जाते अशी स्थिती) असलेल्या मुलांविषयी वर्गात समज वाढावी म्हणून तू गेम तयार करते आहेस, याचा मला फार आनंद वाटला. तुझा आराखडा बारकाईने वाचला. त्यात पडद्यावर सतत आवाज, उडत्या चिठ्ठ्या आणि लुकलुकणारे दिवे आहेत. खेळणारा गोंधळेल हे खरे, पण गोंधळलेला माणूस पुष्कळदा "बिचारी मुले!" एवढे म्हणून मोकळा होतो. डोळ्यांवर पट्टी बांधून अंधत्वाचा अनुभव देण्याच्या उपक्रमांविषयी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असेच दिसले. असा अनुभव घेतलेल्यांना अंध व्यक्ती नोकरी करण्यास आणि स्वतंत्रपणे राहण्यास कमी सक्षम वाटू लागल्या. त्यांच्या वाट्याला आला होता तो पहिल्या काही मिनिटांचा धक्का. त्या स्थितीत वर्षानुवर्षे राहून कमावलेले कौशल्य त्यांना दिसलेच नव्हते.

आपल्या छोटूचेच पाहा. वही उघडलेली असते, पेन्सिलीला टोक काढलेले असते, उदाहरण सोडवण्याची त्याची मनापासून इच्छाही असते, तरीही सुरुवात होत नाही. आणि झाली, तर मनात धरलेला हातचा मध्येच निसटतो, त्यामुळे रीत बरोबर असूनही उत्तर चुकते. मग लाल शाईत शेरा येतो, "निष्काळजीपणा". त्याने घेतलेले कष्ट कोणालाच दिसत नाहीत, आणि माझ्या मते तुझ्या गेमने दाखवायचे ते हेच.

२०१३ साली आलेला 'डिप्रेशन क्वेस्ट' हा नैराश्यावरचा गेम अवश्य पाहा. त्यात योग्य पर्याय समोर दिसतो, पण त्यावर काट मारलेली असते आणि तो निवडता येत नाही. नैराश्य आणि एडीएचडी या वेगळ्या गोष्टी आहेत, पण ही युक्ती तुला उपयोगी पडेल: "आता गृहपाठाला बसतो" हे बटण दिसावे, खेळणाऱ्याने ते पुन्हा पुन्हा दाबावे आणि काहीच घडू नये.

"गेम खेळताना बरे लक्ष लागते!" असे आपले नातेवाईक म्हणतात, त्याचेही उत्तर तुला देता येईल. गेममध्ये प्रत्येक हालचालीला तत्काळ प्रतिसाद मिळतो. वही तपासून यायला मात्र दिवस जातात. म्हणून पहिल्या पातळीवर खेळणाऱ्याला गुण, आवाज, शाबासकी भरभरून दे आणि पुढच्या पातळीवर खेळ तोच ठेवून हे सारे काढून घे. त्यानंतर त्याला वर्गमित्राची भूमिका दे: काम लहान तुकड्यांत मांडणे, घड्याळ नजरेसमोर ठेवणे, नुसते शेजारी बसून आपले काम करणे, हे पर्याय त्याच्या हाती असू देत.

छोटूच्या वहीतले काहीही त्याला विचारल्याशिवाय गेममध्ये घालू नकोस. नमुना तयार झाला की वर्गात नेण्याआधी तो त्याला एकट्याला खेळू दे, आणि जे खोटे वाटते असे तो सांगेल ते काढून टाक.

तुझी,
आई