फोटोतले ते गृहस्थ

मिनियापोलिस

ती. आईस,
सा. नमस्कार.

फोटोत माझ्याशेजारी ते दाढीवाले कोण, असं तू विचारलंस. फोनवर सगळेच कान देऊन बसलेले असतात, म्हणून लिहून कळवतेय. ते आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, सिटी बस चालवतात. पन्नाशीपर्यंत बाई म्हणून जगले. मुलगी मार्गी लागली, तेव्हा डॉक्टरांकडे जाऊन म्हणाले, मी पुरुष आहे. आता दर रविवारी स्वतःच मांडीत टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन टोचून घेतात आणि मग चर्चला जातात. आवाज फुटला तेव्हा गाण्याची पंचाईत झाली. जन्मभर वरच्या पट्टीत गायलेलं माणूस एकदम पुरुषांच्या रांगेत! त्यांची म्हातारी आई अजून जुन्याच नावाने हाक मारते. पण दुसऱ्या कोणी मारली, तर त्याच्याशी कडाकडा भांडते.

हे एक वेळ सोपं म्हणायचं. बाई असताना दुकानात त्यांना कोणी विचारत नसे. आता रखवालदार मागे मागे फिरतो. अंधार पडला की समोरून येणारी बाई रस्ता ओलांडून पलीकडे जाते. त्यांना हवा तो चेहरा मिळाला, पण या शहरात तो उंचापुऱ्या काळ्या पुरुषाचा चेहरा आहे. लायसन्स ते खिशात ठेवत नाहीत, समोर डॅशबोर्डवर ठेवतात. पोलिसाने थांबवलं तर खिशाकडे हात जायला नको. 2016 मध्ये इथे जवळच फिलँडो कॅस्टिल नावाच्या तरुणाला पोलिसाने गाडी थांबवून गोळ्या घातल्या होत्या. पोलिसाने मान दाबून मारलेला जॉर्ज फ्लॉइड जिथे गेला, तो चौकही आमच्यापासून लांब नाही. तिथल्या नगरसेविका तेव्हा अँड्रिया जेंकिन्स होत्या, स्वतः कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्री, 2017 मध्ये निवडून आलेल्या. आमच्या मिनेसोटा राज्याने तर ट्रान्स लोकांशी भेदभाव करणं 1993 लाच बेकायदा ठरवलं. कायदा चांगलाच आहे गं, पण रस्त्यावर तो कोण वाचतो?

आता दिल्लीश्वरांसारखे वॉशिंग्टनवाले. 2025 च्या जानेवारीत हुकूम निघाला, पासपोर्टवर जन्माच्या वेळचंच लिंग लिहायचं. नोव्हेंबरात इथल्या सुप्रीम कोर्टानेही तो तूर्त चालू दिला. यांचा नवा पासपोर्ट आला, त्यावर दाढीचा फोटो आणि पुढे 'स्त्री'. आपल्या कोर्टाने 2014 मध्येच सांगितलं होतं, लिंग ज्याचं त्याने ठरवावं. टीव्हीवर तू पाहतेस त्या तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंतही त्या खटल्यात होत्या.

एवढं सांगायचं कारण, जानेवारीत ते माझ्याबरोबर येताहेत. मुंबई विमानतळावर खोळंबा झाला, तर पोचायला उशीर होईल. जेवायला थांबू नका. बाबांना तू आधी कल्पना दे, आत्याला मी बघते. तिखट त्यांना चालतं. शेंगदाण्याची मात्र ॲलर्जी आहे, म्हणजे आपल्या घरात उपाशीच राहायचे! कुटाचा डबा तेवढे दिवस माळ्यावर टाक, आणि खिचडीत चुकूनही घालू नकोस.

तुझी,
मीनू