काकांच्या नावावर किती उचलले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आयुष्मान आणि महात्मा फुले ह्या सरकारी मोफत उपचाराच्या योजनांतल्या घोटाळ्याच्या बातम्या अधूनमधून येतात, आपण वाचतो आणि पान उलटतो. पण ह्या दिवाळीच्या आधी आमच्याच घरात योजनेचा पेशंट झाला म्हणून लिहायला बसलो, लांबलं तर कापा.

माझे काका जालना जिल्ह्यातल्या खेड्यात राहतात, केशरी रेशनकार्ड. पहाटे छातीत दुखायला लागलं म्हणून गाडी करून शहरातल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलला नेलं. ॲन्जिओग्राफी झाली, ब्लॉकेज निघालं. तिथला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस, चांगला पोरगा होता, कागद बघून म्हणाला काळजी करू नका, योजनेत बसतंय, अप्रूव्हलला टाकतो. आमचा जीव भांड्यात पडला. तासाभराने दुसऱ्या टेबलावरून बोलावणं आलं, की योजनेतली स्प्रिंग (म्हणजे ब्लॉकेज उघडं ठेवायला टाकतात ती स्टेंट) साधी असते, चांगल्या कंपनीची टाकायची तर वरचे ४० हजार भरावे लागतील, लवकर सांगा डॉक्टर थांबलेत. आता आत माणूस टेबलावर आडवा पडलाय आणि बाहेर तुम्हाला विचारतायत साधी का चांगली, तर कोण म्हणणार हो साधी टाका? चुलतभावाकडे सोयाबीनचे आलेले पैसे होते ते, आणि बाकीचे पाहुण्यारावळ्यांकडून फोनपेवर मागवून भरले. पावती मागितली तर साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला, ना शिक्का ना सही.

डिस्चार्जच्या दिवशी पाच-सात कागदांवर काकांच्या सह्या घेतल्या. त्यातल्या एकावर छापलेलंच होतं की उपचार मोफत झाले, माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. काकांनी त्याच्यावरही सही केली. मी शेजारीच उभा होतो, वाचलं, आणि गप्प बसलो. कारण महिन्याने फॉलोअपला परत त्याच डॉक्टरकडे जायचं होतं. हे कबूल करायला लाज वाटते पण दहातली नऊ माणसं हेच करतात.

मी नंतर आरोग्यमित्राला सहज विचारलं, काकांच्या नावावर हॉस्पिटलला सरकारकडून किती मिळणार? कुठलं पॅकेज, म्हणजे उपचाराचा ठरलेला सरकारी रेट, लावलं? एक स्प्रिंग दाखवली का दोन? तो म्हणाला साहेब ते सिस्टिममध्ये असतं, तुम्हाला कशाला पाहिजे. माझं सगळं म्हणणं ह्या एका वाक्यावर आहे. किराणा दुकानात दोनशेचा माल घेतला तरी बिल मिळतं, आणि इथे माझ्या काकांच्या नावावर बिल फाटतंय ते काकांनाच बघायला मिळत नाही.

आता वरची गोष्ट बघा. कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापालांचा, आयुष्मान भारतवरचा रिपोर्ट ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत आला. त्यात होतं की ९९९९९९९९९९ ह्या एकाच मोबाईल नंबरवर ७ लाख ४९ हजार ८२० लाभार्थी जोडलेले आहेत. आणि सिस्टिममध्ये आधी मयत म्हणून नोंद झालेल्या ३,४४६ पेशंटच्या उपचाराचे पुन्हा ३,९०३ क्लेम पास झाले, ६ कोटी ९७ लाख रुपये. मोबाईल नंबरवर तेव्हा भरपूर जोक झाले. सरकारने खुलासा केला की ओळख पटवायला मोबाईल नंबर लागतच नाही, तो फक्त लाभार्थ्याशी संपर्क करायला आणि उपचाराबद्दल फीडबॅक घ्यायला असतो. मला हा खुलासा मूळ आरोपापेक्षा जास्त खटकला. अहो मग साडेसात लाख लोकांचा फीडबॅक घेतला कोणाचा? उपचार खरंच झाले का, पैसे मागितले का, हे ज्या माणसाला माहितीय त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ताच खोटा आहे आणि तुम्ही म्हणता काही बिघडलं नाही.

गुजरातमध्ये काय झालं ते आठवत असेल. नोव्हेंबर २०२४, मेहसाणा जिल्ह्यात कडी तालुक्यातलं बोरीसणा गाव, तिथे अहमदाबादच्या एका खाजगी हॉस्पिटलने फुकट तपासणी शिबिर घेतलं. दुसऱ्या दिवशी १९ जणांना अहमदाबादला नेलं, १७ जणांची ॲन्जिओग्राफी, ७ जणांची ॲन्जिओप्लास्टी, आणि त्यातले दोघं गेले. घरच्यांचं म्हणणं होतं की आम्हाला न विचारता केलं. शिबिरात उठून उभे राहिलेले, चालत बसमध्ये बसलेले लोक हे. आयुष्मान कार्डावर पैसे आहेत हे कळल्यावर माणूस पेशंट कसा होतो ते ह्यात दिसलं. अशी शिबिरं आपल्याकडेही होतातच की, मंदिरासमोर मंडप, बस फुकट, जेवण फुकट. सगळीच वाईट असतात असं नाही, आमच्या आजीचा मोतीबिंदू अशाच शिबिरातून निघाला आणि ती शेवटपर्यंत पोथी वाचत होती. पण शिबिरातून उचललेल्या पेशंटवर दुसऱ्याच दिवशी इतक्या ॲन्जिओप्लास्टी होतात तर अप्रूव्हल देणाऱ्याला संशय यायला नको?

कारवाई होत नाही असं मी म्हणत नाही. केंद्राने संसदेत सांगितलंय, १,११४ हॉस्पिटलं योजनेतून काढली, ५४९ सस्पेंड केली, १,५०४ हॉस्पिटलांना मिळून १२२ कोटी दंड. आपले बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधवच केंद्रात आरोग्य राज्यमंत्री आहेत, त्यांच्या खात्याचे हे आकडे. पण भागाकार करून बघा, हॉस्पिटलमागे दंड पडतो सरासरी आठ लाख. मोठ्या हॉस्पिटलला आठ लाख म्हणजे किती दिवसांची कमाई ते तुम्हीच सांगा. आणि ज्याने वरचे पैसे भरले त्याला ह्या दंडातनं काय मिळालं? काढलेल्या हॉस्पिटलांची नावं तरी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा ना, गावातला माणूस कुठे वेबसाईट उघडून बघणार.

डॉक्टर लोकांची बाजू पण आहे, ती न लिहिता पुढे गेलो तर अन्याय होईल. पॅकेजचे रेट परवडत नाहीत आणि पैसे महिनोनमहिने अडकतात अशी त्यांची तक्रार असते, हरियाणात तर ऑगस्ट २०२५ मध्ये खाजगी हॉस्पिटलांनी थकबाकीसाठी आयुष्मानचं काम बंद ठेवलं होतं. रेट कमी असतील तर ते सरकारशी भांडा, वाढवून घ्या, आमचा पाठिंबा. पण त्याची वसुली आयसीयूच्या दारात उभ्या असलेल्या पोराकडून करायची हे बरोबर नाही, आणि वेळेवर पैसे न देणाऱ्या सरकारनेही ह्यातनं हात झटकू नयेत, कारण पैसे अडकले की प्रामाणिक हॉस्पिटल आधी योजना सोडतं आणि मग उरतात ते कोण हे सांगायला नको.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून योजना सगळ्यांना लागू झाली, पांढरं कार्ड असो की केशरी, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आणि तेव्हा यादीत १,३५६ उपचार होते. चांगलंच आहे. पण व्याप वाढला तसा पैसा वाढला आणि पैसा वाढला तशा वाटा वाढणार. दिल्लीत कॉम्प्युटर बसवून बोगस क्लेम शोधतायत म्हणे, शोधा. पण एक साधी गोष्ट करा, डिस्चार्जच्या वेळी पेशंटच्या हातात मराठीत एक कागद द्या. तुमचा हा आजार, हे पॅकेज, एवढ्या स्प्रिंगा, सरकारकडून एवढे रुपये मागितले, तुम्ही एक रुपयाही द्यायचा नव्हता. आणि मोफत उपचार झाल्याची सही हॉस्पिटलच्या काउंटरवर नको, आठ दिवसांनी आशाताईंनी घरी येऊन विचारू दे. काका खाटेवर बसून चहा पिताना जे सांगतील ते तिथे काउंटरवर कधीच सांगणार नाहीत.

आणि हो, तक्रारीचा टोल फ्री नंबर १५५३८८ आहे. आम्हाला तो फॉलोअपला गेलो तेव्हा दिसला, योजनेचा बोर्ड होता हॉस्पिटलमध्ये, पाण्याच्या कूलरच्या मागे.

आपला,
एक वाचक, जालना जिल्हा
(नाव छापू नये, काकांचा पुढचा फॉलोअप बाकी आहे)