शॉवरला धार नाही म्हणून लगेच पंप कशाला?

संपादक महोदय,

गणपती जवळ आले की आमच्या गुहागर तालुक्यात दोन गोष्टी वाढतात, मुंबईच्या गाड्या आणि प्रेशर पंपाची गिऱ्हाईकं. आमच्या घरात एरवी चार माणसं, चतुर्थीला अठरा, एकाने आंघोळीला नळ सोडला की स्वयंपाकघरातनं वहिनी ओरडते पाणी गेलं म्हणून. गेल्या वर्षी मी पण पंप आणायला निघालो होतो, तर आमचा जुना प्लंबर म्हणाला, काका आधी टाकी कुठे बसवलीय ती बघा.

घर कौलारू, त्यामुळे टाकी मागीलदारी बाथरूमच्या स्लॅबवर, टाकीचा तळ शॉवरच्या वर जेमतेम दोन फूट! दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर मिळतं, मग दोन फुटाला काय मिळणार, आणि टाकी मोठी घेऊन पण उपयोग नाही, प्रेशर उंचीने वाढतं, रुंदीने नाही. शेवटी चिऱ्याचे खांब जमिनीपासून चढवून टाकी सहा फूट वर नेली (हजार लिटर म्हणजे टनभर वजन, जुन्या स्लॅबवर भार टाकायची हिंमत झाली नाही). टाकीतनं निघणारा अर्धा इंची पाइप होता तो एक इंची केला, त्याने तोंड दुप्पट नाही चौपट होतं हे मला साठी उलटल्यावर कळलं. नळाच्या जाळ्या काढल्या तर आत तांबडा गाळ, जांभ्यातल्या विहिरीचं पाणी ते, दुसरं काय निघणार. आता धार बरी आहे, आणि पावसात लाईट गेली तरी आंघोळी अडत नाहीत, पंपावर सगळं घर टांगून ठेवलं असतं तर बसलो असतो बादल्या घेऊन.

ज्यांचं बाथरूम टाकीच्या अगदी खालीच वरच्या मजल्यावर आहे त्यांनी पंप खुशाल घ्यावा, पण तो टाकीच्या पुढे, म्हणजे टाकीतनं घरात येणाऱ्या पाइपावर. खरा राग येतो तो नळपाणी योजनेच्या लाईनलाच मोटार जोडणाऱ्यांचा. त्यांच्याकडे भसाभसा पाणी, चढावरच्या घरांत थेंब नाही, आणि लाईन कुठे फुटकी असेल तर त्या ओढीने गटाराचं पाणी आत येतं आणि तेच आपण पितो. सांगायला गेलं तर म्हणतात, तुम्ही पण लावा की! निदान गणपतीच्या आधी एकदा पाणी सोडायच्या वेळेला ग्रामपंचायतीच्या माणसाने वाडीत फेरी मारावी, मोटारींचा आवाज रस्त्यावर ऐकू येतो.

— एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी