सईने निवडलेली वाट

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

सईने शाळेत विज्ञान शिकवण्यासाठीचा कोर्स निवडला, त्यावरचं परवाचं फोनवरचं बोलणं अर्धवटच राहिलं. बाबा, त्यातले इतके सगळे विषय ऐकून तुम्ही ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ म्हणालात. आई, तू विचारलंस, ‘एवढे मार्क मिळवून शेवटी शाळेतच शिकवायचं का गं तिने?’ सई शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही, पण त्या रात्री तिच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत चालू होता. मला फोनवर काही धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी हा कोर्स काय आहे ते सांगते, कारण नावावरून मलाही काही कळलं नव्हतं. चार वर्षांची पदवी. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित, थोडं भूशास्त्र आणि थोडं इंजिनिअरिंग, सगळं एकत्र आणि सुरुवातीपासूनच शाळेत शिकवायचं हे मनात धरून. एरवी शिक्षक होणारी मुलं आधी एका विषयाची पदवी घेतात आणि मग वर शिकवण्याचं प्रशिक्षण. इथे दोन्ही पहिल्या दिवसापासून बरोबर चालतं. पहिल्याच सत्रात मुलांना खऱ्या वर्गात उभं करतात. ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाने ऑस्टिनला १९९७ मध्ये विज्ञान-गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी अशीच वाट सुरू केली होती, विषयाची पदवी आणि शिक्षक होण्याची तयारी चार वर्षांत मिळून. तिथेही मुलं सुरुवातीलाच शाळेत जातात. शिकवणं आपल्याला जमतं का, आवडतं का, हे चौथ्या वर्षी कळण्यापेक्षा पहिल्या वर्षी कळलेलं बरं.

बाबा, आता तुमच्या चिंध्या. तुमचं म्हणणं मला समजतं. तुम्ही आयुष्यभर एकच काम केलंत आणि त्यातलं तुम्हाला विचारल्याशिवाय कुणाचं पान हललं नाही. पण लहान मूल प्रश्न विचारतं तेव्हा त्यावर विषयाची चिठ्ठी चिकटवलेली नसते. ‘एवढंसं बी, त्याचं एवढं मोठं झाड होतं, मग हे लाकूड येतं कुठून?’ हा प्रश्न कुठल्या तासाला घ्यायचा? बहुतेक मुलं सांगतात, मातीतून. मोठी माणसंही तेच सांगतात. सतराव्या शतकात फान हेल्मोंट नावाच्या माणसाने कुंडीत साधारण ९० किलो सुकवलेली माती घेतली, त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड ७६ किलोच्या वर गेलं आणि माती घटली जेमतेम ५०-६० ग्रॅम. तुम्ही इतकी वर्षं कुंड्या सांभाळताय, तुम्हाला हे वाचून मजा वाटेल. त्याने निष्कर्ष काढला की सगळं लाकूड पाण्यापासून झालं. तो चुकला, पण किती सुंदर चुकला! लाकडाचा बराचसा भाग आला होता हवेतून, कार्बन डायऑक्साइडमधून. हे मुलाला पटवायचं तर हवेलाही वजन असतं हे आधी पटावं लागतं (भौतिक), वायूपासून घन पदार्थ होऊ शकतो हे दिसावं लागतं (रसायन), पानात काय चालतं ते कळावं लागतं (जीवशास्त्र), आणि ९० किलोपुढे ६० ग्रॅम म्हणजे किती कमी, हे गणित तर हवंच. एकाच विषयात मुरलेला माणूस यातला एक तुकडा फार चांगला सांगेल. सईला हे तुकडे शिवायला शिकायचंय.

शिवण्यावरून आई, आता तुझ्याकडे येते.

प्रवेशाआधी विभागाने पालकांना बोलावलं होतं. भाषणं होतील म्हणून मी तयारीने गेले होते. तर प्रत्येक टेबलावर पावणेदोन मीटर फीत, कात्री आणि टेप. प्राध्यापकबाई म्हणाल्या, अर्ध्या अर्ध्या मीटरचे तुकडे करा आणि किती झाले ते सांगा. आम्ही कापले. तीन तुकडे झाले आणि एक लहान तुकडा उरला. मोजला तर पाव मीटर. माझ्या शेजारचे गृहस्थ लगेच म्हणाले, ‘सव्वातीन.’ समोरच्या बाई म्हणाल्या, ‘साडेतीन.’ दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. फीत तर एकच, मग उत्तरं दोन कशी?

प्राध्यापकबाईंनी कुणालाच चूक म्हटलं नाही. उरलेला तुकडा उचलून त्यांनी विचारलं, ‘हा पाव आहे खरा, पण कशाचा?’ मीटरचा पाव. आणि आपण मोजतोय काय? तुकडे. मग तुकड्याच्या मानाने हा किती? त्यांनी तो तुकडा अर्ध्या मीटरच्या तुकड्यावर ठेवला. बरोब्बर निम्मा. सगळं टेबल गप्प झालं. सईचा चेहरा मी तेव्हा पाहिला, आणि ही मुलगी आता माघारी फिरणार नाही हे मला तिथेच कळलं.

नंतर बाई म्हणाल्या, साडेतीन हे उत्तर माहीत असणं हा या कामाचा सोपा भाग. वर्गात कुणीतरी सव्वातीन म्हणणार हे आधीच ओळखणं, आणि तो तसं का म्हणतोय ते कळणं, हे इथे चार वर्षं शिकायचं.

आई, तुला आठवतं का? मी गणितात पदवी घेऊन घरी आले त्या सुट्टीत तू मशीनवर बसली होतीस. तू म्हणालीस, ‘आता तू एवढी शिकलीस, मला एक सांग. अपूर्णांकाने भागताना उलटं करून गुणायचं, ते का?’ शाळेत हाच प्रश्न तू विचारलास तेव्हा ‘का विचारू नकोस, कर’ असं उत्तर मिळालं होतं, आणि त्यानंतर तू गणिताच्या तासाला हात वर करणं सोडलंस, हेही तू सांगितलंस. मी कागद घेतला, ए भागिले बी, सी भागिले डी, असं भराभर लिहून दाखवलं. तू ‘हं’ म्हणालीस आणि परत मशीन सुरू केलंस. तुला कळलं नव्हतं, आणि ते मला समजलं होतं. तरी मी पुढे काही बोलले नाही, कारण त्याच्यापलीकडे मलाच काही येत नव्हतं. गणिताची पदवी हातात असून आईच्या एका प्रश्नाला उत्तर नव्हतं. सत्तावीस वर्षं झाली, ते ‘हं’ अजून कानात आहे.

हे माझ्या एकटीचं नाही. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने शिक्षकांसाठी दिलेली व्याख्यानं १९०८ मध्ये छापली, त्यात त्यांनी हेच दुखणं मांडलंय. विद्यापीठात गेलं की शाळेतल्या गणिताशी नातं तुटतं, आणि शिक्षक होऊन शाळेत परतलं की विद्यापीठातल्या गणिताशी. दोनदा तुटतं, आणि ते जोडून देणारं कुणी नसतं.

लिपिंग मा या अभ्यासक बाईंचं १९९९ मधलं काम तर मी सईकडून दोनदा ऐकलं. त्यात अमेरिकेतल्या २३ प्राथमिक शिक्षकांना नेमकं हेच विचारलं होतं, पावणेदोन भागिले अर्धा. २१ जणांनी करून पाहिलं, ९ जणांचं पूर्ण बरोबर आलं. चीनमधल्या ७२ च्या ७२ शिक्षकांना ते आलं. या गणितावर एखादी गोष्ट रचा म्हटल्यावर अमेरिकेतल्या एकाच शिक्षकाला नीट जमलं. आणि चीनमधले हे शिक्षक पदवीधरही नव्हते! ते जेवढं शिकवत होते, तेवढं मुळापासून जाणत होते. तेव्हा ‘शाळेतलंच तर शिकवायचंय’ यातला ‘च’ आता माझ्या तोंडून निघत नाही.

मला काळजी वाटत नाही असं नाही. पगार तिच्या मैत्रिणींपेक्षा कमी राहील. उद्या तिला भौतिकशास्त्रात संशोधन करावंसं वाटलं, तर काही पेपर वेगळे करून अंतर भरून काढावं लागेल आणि ते सोपं नसेल. बाबा, तुमचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे आणि मी ते तिला स्पष्ट सांगितलंय. ती म्हणाली, ‘मला माहिती आहे.’ मी पुन्हा विचारलं नाही.

सुट्टीत ती तुमच्याकडे येणार आहे. येताना एक काम घेऊन येतेय. दोन मोठ्या माणसांना विचारायचं, चंद्राची कोर लहान-मोठी का होते? त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहून घ्यायचं आणि मध्ये एकदाही दुरुस्त करायचं नाही. ‘मग त्या दिवशी चंद्र कुठे असतो?’, ‘चित्र काढून दाखवता का?’ एवढंच विचारायचं. तिला हे फार अवघड जाणार आहे, तुम्हाला तिचा स्वभाव माहीतच आहे. बाबा, आधी कुठे वाचून ठेवू नका. जे मनात आहे तेच सांगा. १९८७ मधल्या एका माहितीपटात हार्वर्ड विद्यापीठातल्या २३ जणांना ऋतू कसे होतात किंवा चंद्राच्या कला कशा होतात हे विचारलं होतं, त्यात पदवी घेतलेले विद्यार्थी होते, प्राध्यापकही होते. २१ जणांच्या उत्तरात घोळ होता. तेव्हा संकोच कशाला!

आणि आई, तुझं उत्तर मी देऊन टाकते, आणखी वाट पाहायला नको. एका मीटरमधून अर्ध्या मीटरचे दोन तुकडे निघतात. मग पावणेदोन मीटरमधून पावणेदोनच्या दुप्पट निघणार. म्हणून अर्ध्याने भागताना दोनने गुणायचं. तिसऱ्या हिश्श्याचे तुकडे केलेस तर एका मीटरमधून तीन, म्हणून तीनने. कापड घेऊन करून बघ. दोन तृतीयांशाचं कसं, ते सई आली की तिला विचार. मला ते फितीने अजून जमलेलं नाही.

तुमची,
मनू