वडिलांच्या सेवेत असलेल्या मित्रास

नाशिक,
१२ जुलै

प्रिय सुधीर यास,
सप्रेम नमस्कार.

दहा मिनिटे डोळे मिटून बसलो तरी मन कचेरीतल्या कामांकडे आणि काकांच्या औषधांकडे धावत राहते, म्हणून सजगता, म्हणजे आत्ता जे चालले आहे त्याचे भान ठेवणे, आपल्याच्याने होणार नाही, असे तू लिहिले आहेस. मला हे मुळीच पटत नाही. मन भरकटल्याचे तुझ्या ध्यानात आले, तो क्षणच सजगतेचा होता. विचार थांबलेच पाहिजेत, अशी तिची अट नाही.

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना ध्यानकेंद्रातील दहा दिवसांच्या शिबिरात सुरुवातीचे दिवस नाकपुड्यांपाशी ये-जा करणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवण्यात जातात. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, जपही करायचा नाही. तो असेल तसा जाणायचा आणि मन निसटले की चडफड न करता परत आणायचे. पुढे हेच लक्ष शरीरभरच्या संवेदनांकडे वळते, आणि माझ्या मते रोजच्या जगण्याला उपयोगी पडतो तो हाच भाग.

काका तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात आणि तुझा आवाज चढतो, असे तू लिहितोस. आवाज चढण्याआधी जबडा आवळला जातो, कानशिले तापतात, श्वास आखूड होतो. तेवढे वेळीच जाणवले, तर राग जाईलच असे नाही, पण उत्तर कोणत्या स्वरात द्यायचे हे ठरवायला किंचित अवधी मिळतो. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांना सजगतेचा अभ्यासक्रम शिकवायला घेतला, तेव्हाही दुखणे पळवून लावण्यापेक्षा त्याच्याकडे, आणि मन त्यावर जी भीती चढवते तिच्याकडे, नीट पाहण्यावर भर होता.

मात्र कचेरीत तुझ्यावर दोघांचे काम लादले जात असेल, तर ते शांतपणे सोसत राहणे म्हणजे सजगता नव्हे. तिथे स्पष्ट बोललेच पाहिजे.

तूर्त वेगळा वेळ काढू नकोस. सकाळी काकांना गोळ्या देताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव आणि गोळी, पाण्याचा पेला, त्यांचा हात, त्यांचे बोलणे, एवढ्याकडेच लक्ष दे. शिबिराची घाई मात्र करू नकोस. तुला मध्यंतरी घबराटीचे झटके येत होते, तेव्हा इतके दिवस मौनात बसण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घे. आणि काकांजवळ थांबायला कुणी हवे असेल, तर मी आठवडाभर येऊन राहीन.

काकांना माझा शिरसाष्टांग नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद