भिंत कोणाची, हे आधी ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवंगत रॉक गायकांची त्यांच्या गावातल्या भिंतींवर काढलेली चित्रं, या विषयावरचा आपल्या रविवारच्या पुरवणीतला मजकूर वाचला. फोटो सुंदर होते, चित्रकारांचं कौतुकही मनापासून केलेलं होतं. पण भिंतीविषयी त्यात एक ओळ नव्हती, म्हणून हे पत्र. माझी हयात वाई, पाचगणी, सातारा या पट्ट्यात भिंती रंगवण्यात गेली. सिमेंट, बियाणं, शिकवणी वर्ग, निवडणुका, सगळं रंगवलं.

मुलगी मँचेस्टरकडे राहते. तिच्याकडे गेलो असताना जावयांनी मला मॅकल्सफील्डला नेलं. तिथे मिल स्ट्रीटवर इयन कर्टिस या गायकाचं मोठं चित्र आहे. जॉय डिव्हिजन या बँडचा हा गायक. बँड मँचेस्टरचा म्हणून ओळखला जातो, पण कर्टिस वाढला आणि राहिला मॅकल्सफील्डमध्ये. तिथल्याच रोजगार कचेरीत तो दिव्यांगांना नोकऱ्या मिळवून द्यायचं काम करायचा. १८ मे १९८० रोजी, वयाच्या २३ व्या वर्षी, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. चित्र २०२२ सालचं, अक्से नावाच्या चित्रकाराचं. काम सगळं स्प्रेच्या डब्यांचं. गालावरची सावली त्याने ज्या हाताने उतरवली आहे, ती पाहून मी बराच वेळ तिथून हललो नाही. ब्रशने अशी सावली घालायला आम्हाला तीन छटा आधी कालवून घ्याव्या लागतात.

याच अक्सेने २०२० मध्ये मँचेस्टर शहरातल्या पोर्ट स्ट्रीटवर कर्टिसचं आणखी एक काळं-पांढरं चित्र काढलं होतं. मानसिक आरोग्याविषयी लोकांनी बोलावं, हा त्यामागचा हेतू. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या चित्रावर रंग फासून एका रॅपरच्या नव्या अल्बमची जाहिरात काढली गेली. लोक चिडले. तो रॅपर, एच, स्वतः मँचेस्टरचाच. जाहिरात या भिंतीवर होते आहे हे आपल्याला माहीत नव्हतं, आणि हे आपण दुरुस्त करायला लावू, असं त्याने लगेच जाहीर केलं. मला त्याचं म्हणणं पूर्ण पटलं. या धंद्यात भिंत कशी ठरते ते मी पाहिलं आहे. कंपनीचा माणूस येतो, मालकाला वर्षाचे पैसे देतो, आम्हाला चुना मारायला सांगतो, काम झालं की फोटो काढून नेतो. आधी तिथे कोणाचं काय होतं, हे विचारायची जागाच त्या व्यवहारात नसते. तालुक्याच्या एका गावात मी एका दिवंगत शाहिराचा चेहरा काढला होता, डफासकट. गावाने वर्गणी काढून करून घेतला होता. घरमालक बदलला आणि पुढच्या दिवाळीत त्यावर पाइपांची जाहिरात आली. कोणी कोणाला जाब विचारणार? कागद कोणाकडेच नव्हता.

आता लंडनमधलं ब्रिक्स्टन पाहा. रॉक गायक डेव्हिड बोवी १९४७ मध्ये तिथे जन्मला. ट्यूब स्टेशनसमोर, मॉर्लीज या दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर जेम्स कॉक्रन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराने २०१३ मध्ये त्याचा चेहरा काढला. तोंडावर त्याच्या एका अल्बमच्या मुखपृष्ठावरची ती लाल-निळी वीज, आणि सगळा चेहरा रंगीत ठिपक्यांचा. जवळ गेलं की नुसते ठिपके, चार पावलं मागे आलं की माणूस. जानेवारी २०१६ मध्ये बोवी गेला तेव्हा हजारो लोक त्या भिंतीशी जमले, फुलांचा ढीग लागला, आजूबाजूच्या विटांवर लोकांनी निरोप लिहिले. आज चित्रावर पारदर्शक पत्रा आहे. तिथल्या कौन्सिलनेही ते जपायचं मनावर घेतलं. चित्र माणसाच्या हाताला लागेल इतकं खाली आहे आणि तरी टिकून आहे, कारण ते कोणीतरी आपलं म्हणून अंगावर घेतलं आहे.

हे सगळं मी पाचगणीसाठी लिहितो आहे. क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात राहून शिकला. तिथेच तो पियानो शिकला, १९५८ च्या सुमारास तिथेच मित्रांबरोबर द हेक्टिक्स हा त्याचा पहिला बँड झाला. लंडनजवळच्या फेल्टममध्ये त्याच्या कुटुंबाच्या घरावर २०१६ मध्ये, नामवंत इथे राहत होते हे सांगणारी तिकडची निळी पाटी लागली. आमच्याकडच्या पोरांना आता पाचगणीच्या बाजारात त्याचं भलंमोठं चित्र हवं आहे. माझ्याकडे विचारायला आली होती, डोळ्यांत अशी चमक की नाही म्हणवेना. मलाही ते हवंच आहे. तो गायला शिकला ते आमच्या डोंगरावर, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे.

पण आधी भिंत. पश्चिमेची भिंत मुळीच घेऊ नये. आमच्याकडे पाऊस तिरपा येतो आणि तिकडूनच येतो, दोन पावसाळ्यांत पोपडे धरतील. पूर्वेची किंवा उत्तरेची घ्यावी, वर पागोळ्या अंगावर येणार नाहीत इतकं छज्जं हवं. जुन्या बंगल्यांच्या जांभ्या दगडाला कोणी रंग लावू नये, तो दगड तसाच राहू द्यावा. नव्या बांधकामाचा सिमेंटचा गिलावा घ्यावा, तोही एक उन्हाळा पूर्ण वाळलेला. शेवाळ खरवडून, बुरशीचं औषध मारून, मग प्रायमर. घाई करून मेमध्ये परांची बांधली तर आत अडकलेली ओल जुलैत चेहऱ्यावर उमटते.

आणि कागद. मालकाची लेखी संमती, किती वर्षांची ते आकड्यात. घर विकलं तरी नव्या मालकाला ती लागू राहील असं वकिलाकडून लिहून घेतलेलं. दर दोन वर्षांनी डागडुजी कोण करणार आणि तिचा खर्च कुठून येणार, हे नगरपालिकेच्या ठरावात. चित्रकाराचं नाव आणि साल कोपऱ्यात, पुसलं जाणार नाही असं. पोरांनी वर्गणी जमवायला सुरुवात केली आहे, ती रंगावर खर्च करण्याआधी यावर करावी.

चित्र काढायला तरुण हात घ्या, स्प्रे चालवणारे आता आपल्याकडेही आहेत. भिंत खरवडण्यापासून चौकटी आखून देण्यापर्यंतचं काम मी करीन, मजुरी नको. पाचगणीतल्या ज्या घरमालकाकडे पूर्वेची भिंत मोकळी असेल, त्याने आपल्या कार्यालयामार्फत मला निरोप द्यावा. दिवाळीनंतर भिंत वाळली की सुरुवात करता येईल.

आपला,
एक पेंटर
वाई, जि. सातारा